चुलीपाशी पोचलेला धर्म

धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वादविवाद, बहिष्कार आणि कोर्टकचेऱ्या येतात. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हे सारे घडलेही. पण एकाची श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोचते कशी, हे समजून घ्यायचे तर सभेपेक्षा स्वयंपाकघरात डोकवावे, असे मला वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घर त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातली ही मुलगी. तिच्या नवऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन पुढची काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने, बरीचशी पंढरपुरात काढली.

पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या. पण धर्म न बदलता. त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळे. टिळक तापट म्हणून प्रसिद्ध होते. तरीही या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. जो माणूस शेकडो लोकांपुढे ख्रिस्ताविषयी बोलत होता, त्याने आपल्या घरात मात्र वाट पाहिली. मला हे त्यांच्या प्रवचनांहून मोठे वाटते.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांत तसा फरक दिसला असता. उत्तर मिळाले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. आधी सुटले ते सोवळे. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतरची आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, १९०० सालचा. हा क्रम विसरता कामा नये. पाण्याच्या भांड्यापाशी जे तुटले नसते, ते चर्चमध्ये तुटलेच नसते.

तो काळ छप्पनच्या दुष्काळाचा आणि प्लेगचा. टिळक पोरक्या मुलांना घरी आणत आणि त्यांना वाढण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई. प्लेग झालेल्या मुलींची शुश्रूषाही त्यांनी केली. एके काळी सावलीचा विटाळ मानणारे हात आता परक्यांच्या आजारी मुली सांभाळत होते. कवी बालकवी ठोमरेही या घरात काही काळ राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.

टिळकांनीही ख्रिस्ताला परका ठेवला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेत न गेलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत उपदेश शोधूनही सापडत नाही. भांडणे आहेत, फजिती आहे, उसनवारी आहे आणि दारात आलेल्या प्रत्येकासाठी ताट आहे. म्हणूनच हे पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी घरांत आपलेपणाने वाचले गेले. श्रद्धा सांगावी कशी, असे कोणी विचारले तर मी त्याला आधी ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगतो.