डेलिया नावाच्या मागची ब्रिजिट

आज एका नावाची गोष्ट सांगते. नाव आहे डेलिया. अमेरिकेत आयरिश वंशाच्या कितीतरी घरांत हे नाव आजीकडून नातीकडे आलं आहे. पण त्याचं मूळ शोधत आयर्लंडमधल्या गावच्या चर्चची जुनी वही उघडली, तर तिथे बहुतेक वेळा डेलिया सापडत नाही. सापडते ती ब्रिजिडा. वह्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या, म्हणून ब्रिजिडा. घरात तिला ब्रिजिट म्हणत.

ब्रिजिड ही आयर्लंडची मोठी संत, किल्डेअरच्या मठाची. गाईगुरं, दूध, लोणी तिच्या कृपेत आहेत असं शेतकरी बायका मानत. १ फेब्रुवारीला तिचा सण असतो. तेव्हा लव्हाळ्याचा क्रॉस विणून घरात लावतात. नावाचा अर्थ उंच, थोर. भाषेचे अभ्यासक सांगतात, की आपल्या संस्कृतातल्या ‘बृहत्’ शब्दाशी त्याचं दूरचं नातं आहे.

मग इतकं थोर नाव बायकांनी टाकलं का?

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं पोट बटाट्यावरच चालायचं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथीच्या तापानं गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. तो ओघ नंतरही कित्येक वर्षं थांबला नाही. त्यात लग्न न झालेल्या मुली फार होत्या. न्यूयॉर्क, बोस्टनमध्ये त्या घरकामाला लागल्या. पगारातून घरी पैसे धाडायच्या, धाकट्या बहिणीच्या जहाजाचं तिकीट काढायच्या. त्यांच्यात ब्रिजिट इतक्या, की मालकिणी कुठल्याही आयरिश मोलकरणीला ‘ब्रिजिट’ नाहीतर ‘बिडी’ म्हणू लागल्या. तिचं खरं नाव मेरी असो की अ‍ॅन, विचारतो कोण! मासिकांत तिची चित्रं यायची, आडदांड, उद्धट, मालकिणीवर डाफरणारी. संताचं नाव टिंगलीचं झालं. मग कुणी स्वतःला बर्था म्हणवून घेतलं, कुणी डेलिया. यातलं डेलिया मला शहाणपणाचं वाटतं, कारण ते परकं नाही. ब्रिजिटचं लाडाचं रूप बेडेलिया, त्याचं आखूड डेलिया. मालकिणीला कळलं नाही, आणि संतही सुटली नाही.

नातीला मात्र फक्त डेलिया ठाऊक. तिनं मागे कसं जायचं? इथे नावं ठेवायची जुनी रीत कामी येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. सगळेच पाळत नसत, तरी पुष्कळ घरांत ही रीत होती. म्हणजे डेलियाची थोरली लेक हॉनोरा असेल, तर डेलियाची आई हॉनोरा असण्याचा संभव मोठा.

कागद मात्र सगळे उरलेले नाहीत. १९२२ च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दप्तरखाना जळला, त्यात जुन्या जनगणनेचे बरेच कागद गेले. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण राहिल्या आहेत आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात वयांवर फार विसंबू नये. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली, आणि कितीतरी लोक दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झाले!

१९११ च्या फॉर्मात लग्न झालेल्या बाईला तीन प्रश्न होते. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, आज हयात किती. ‘अकरा’ आणि शेजारी ‘सहा’ असे आकडे दिसले, की क्षणभर पुढे वाचवत नाही.

त्या घरात डेलिया दिसणार नाही, ती कधीच जहाजावर चढलेली. पण म्हातारी हॉनोरा असेल. तिथून गावाचं नाव घ्यायचं आणि चर्चची वही काढायची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही बहुधा लिहिलेलं असतं, त्यामुळे सारख्या नावाच्या दोन बायका वेगळ्या काढता येतात. बोट एकेका ओळीवरून खाली सरकवत जायचं, ब्रिजिडा आणि तिच्या पुढे आई म्हणून हॉनोरा दिसेपर्यंत.