धावेची कुळकथा

बैलगाडीच्या चाकावर चढणारी लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा लहान करतात. लाकडी पुठ्ठ्यांचा घेर मोजायचा, त्याहून थोडी आखूड पट्टी वळवून टोकं भट्टीत जोडायची आणि ते कडं गोवऱ्यांच्या जाळात तापवायचं. फुगलं की चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायचं, घणाने बसवायचं आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. निवताना धाव आवळते, आणि पुठ्ठे, आरे, तुंबा एकमेकांत घट्ट रुततात.

हुबळी-धारवाडच्या खेड्यांत हे काम बडिगेर आणि कंबार, म्हणजे सुतार आणि लोहार, मिळून करत. ज्ञानपीठ विजेते कन्नड कवी चंद्रशेखर कंबार यांचं आडनाव याच भट्टीवरचं. युक्ती मात्र कुणा एका मुलखाची नाही. युरोपातले केल्ट लोक इसवी सनाच्या काही शतकं आधी आपल्या रथांना अशाच सलग धावा चढवत होते.

ही पकड सुटते ती उन्हाळ्यात. लाकूड सुकून आकसतं, लोखंड आहे तेवढंच राहतं, धाव खुळखुळू लागते. शेतकरी मग चाकं ओढ्याच्या पाण्यात भिजत घालतो. बैलांच्या चालीने धाव कधी सैल झाली नाही. हे इथेच लक्षात ठेवलेलं बरं, कारण धाव कशाने सुटते, वेगाने की मापाच्या फरकाने, हाच प्रश्न पुढे पोलादाच्या चाकांतही निघाला.

1885 साली सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत वर्कशॉप काढलं. मीटर गेजच्या वाफेच्या इंजिनांची चाकं म्हणजे मधे आऱ्यांचा गाभा आणि वरून तापवून चढवलेला पोलादी टायर. हा टायर सांध्याशिवाय घडवायची रीत जर्मनीच्या आल्फ्रेड क्रुपने 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. एकमेकांत गुंतलेली तीन कडी हे त्याच्या कारखान्याचं चिन्ह, ते या टायरांचंच. सांधा गेला, तरी टायर गाभ्याला धरून ठेवायचा कसा यावर वाद होताच. काही जण रिव्हेट मारत. 24 डिसेंबर 1874 रोजी इंग्लंडमध्ये शिप्टन-ऑन-चेरवेलजवळ असाच रिव्हेटवाला टायर फुटला, डबे घसरले, 34 माणसं गेली. टायर धरून ठेवण्यासाठी पाडलेल्या भोकांनीच त्याला कमकुवत केलं होतं. आवळून धरणं हीच मुख्य पकड, आणि टायर तुटलाच तर तो उडू नये म्हणून कडेला अडकवलेली रिंग, ही पद्धत मग रुळली.

आता आकडे. एक मीटर व्यासाचा टायर गाभ्यापेक्षा साधारण 1 मिलिमीटरने लहान कातायचा आणि अडीचशे अंशांच्या आसपास तापवून चढवायचा. गाभा जराही दबला नाही असं धरलं, तर निवलेल्या टायरमध्ये दर चौरस मिलिमीटरला 200 न्यूटनचा ताण कायमचा बसतो. गाडी सुटलेली नाही, माल भरलेला नाही, तरी एवढा. फिरताना टायर बाहेर पसरू पाहतो. मीटर गेजच्या ताशी 75 किलोमीटर वेगाला त्याने येणारा ताण जेमतेम साडेतीन न्यूटन. वेगाने टायर सुटेल ही भीती पोकळ आहे.

खरी भीती ब्रेकची. ओतीव लोखंडाचे ठोकळे थेट टायरवर घासतात, टायर तापतो आणि गाभा मागे राहतो. दोघांत शंभर अंशांचा फरक पडला की मीटरभर व्यासाचा टायर सव्वा मिलिमीटर फुगतो, आणि पकड तर मिलिमीटरचीच होती! हुबळीहून लोंढ्यामार्गे मुरगावकडे जाणारी गाडी कॅसलरॉकनंतर दर 37 मीटरला 1 मीटर उतरते. दूधसागरचा धबधबा बघणाऱ्याला हा उतार सुखाचा, चाकाला नाही.

म्हणून तपासणीच्या रीती साध्या, पण कडक होत्या. टायर आणि गाभा यांवरून सलग रंगाची रेघ ओढायची; रेघ तुटलेली दिसली म्हणजे टायर सरकला. आणि हातोडीची टिचकी: घट्ट चाक खणखणतं, सैल किंवा चिरलेलं बद्द वाजतं.

वेगाची भीती जिथे खरी ठरते ती जागा वीजघरात आहे. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या जनित्राच्या रोटरवरही तापवून चढवलेली कडी असतात. मीटरभर व्यासाच्या पोलादी कड्यात या वेगाला निव्वळ स्वतःच्या वस्तुमानामुळे दर चौरस मिलिमीटरला 190 न्यूटनचा ताण उभा राहतो. वेग दुप्पट तर ताण चौपट. रेल्वेच्या टायरइतकी आवळण ठेवली, तर ती इथेच जवळपास संपली. त्यात रोटर कधी ठरल्या वेगापुढेही जातो, तेव्हाही कडं सुटू नये म्हणून आवळण आधीच जास्त ठेवावी लागते. म्हणजे उभ्या यंत्रात सर्वाधिक दाबलेला सांधा पूर्ण वेगात सर्वांत हलका असतो. या गणिताचा पाया गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने जाड नळ्यांसाठी मांडलेल्या सूत्रांत आहे.

डबे-वाघिणींच्या चाकांवरून टायर हळूहळू गेला. एकसंध चाकं आली. बंगळूरजवळ येलहंक्याचा चाक-आस कारखाना 1984 मध्ये सुरू झाला, तिथे ती ओततात. आवळून धरलेला सांधा मात्र तिथेही आहेच, फक्त आत सरकलेला: चाकाचं भोक आसापेक्षा किंचित लहान असतं, आणि आस न तापवता प्रेसखाली दाबून बसवतात. दाबताना लागलेल्या जोराचा आलेख निघतो. तो ठरल्याप्रमाणे चढत गेला नाही, तर जोडी परत काढतात.