किलोमीटर आणि मजला

बागलाणातल्या नामपूरहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि मुंबईहून लंडन सुमारे 7,200. दुसरे अंतर पहिल्याच्या तीसपट. वेळेचे प्रमाण मात्र निराळेच आहे: मोसम नदीकाठच्या या गावाहून मुंबई गाठायला गाडीने पाच-सहा तास जातात, तर पुढे लंडनला विमानाने नऊ-दहा. प्रवास किती लांबचा हे किलोमीटरवरून कळते, ही समजूत तशी अलीकडची. सतराव्या शतकात बागलाणाच्या उत्तरेकडून सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग जाई. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूर, नंदुरबार असे टप्पे घेत त्याची नोंद केली आहे. अंतरे कोसांत दिली असली, तरी वाटसरूला त्या यादीचा खरा उपयोग आज कुठवर पोहोचायचे, म्हणजे दिवसाची मजल किती, आणि मुक्काम कुठे पडणार हे ठरवण्यासाठीच होता.

यावर कोणी म्हणेल की ही जुनी मोजणी ढिसाळ होती. होतीच. अकबराच्या दरबाराने पाच हजार गजांचा कोस ठरवून दिला, तरी मुलखागणिक तो बदलत राहिला. पण बैलांच्या तांड्याला सेलबारीची खिंड आणि खानदेशातले सपाट रान सारखेच मोजून काय मिळणार होते? अचूक आकडा आणि उपयोगी आकडा या दोन गोष्टी आहेत. विमान डोंगर ओलांडून जाते, त्यामुळे हा फरक मिटायला हवा होता. तो मिटला नाही. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत 10 जूनला लंडनला उतरले. मजलाच त्या, फक्त हवेतल्या. पुढे जेट विमानांनी थांबे गाळले, तरी वारा उरलाच: पश्चिमेकडे जाताना तो समोरून येतो, म्हणून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरांनी वाढली आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटला. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्ली-लंडन हे नकाशावरचे अंतर तसूभरही बदलले नाही. प्रवाशांचे तास मात्र वाढले.

सरळ रेषेतले अंतर निरुपयोगी आहे, असे नाही. कोणते विमान न थांबता कुठवर जाऊ शकेल याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो. मात्र उड्डाणाचा आराखडा वारा, इंधन आणि मोकळे आकाश पाहूनच आखला जातो, म्हणजे तांड्याच्या नायकाने पाणी, चारा आणि जकातनाकी पाहावीत तसाच. नामपूरच्या प्रवाशाला तर तिकिटावरच्या नऊ-दहा तासांत मालेगावपर्यंतचा रस्ता, पुढचा घाट, मुंबईतली कोंडी आणि विमानतळावर तीन तास आधी हजर राहण्याची अट, हे सगळे स्वतःच मिळवावे लागते.