रानपिंगळा (खानदेश)

रानपिंगळा (वनपिंगळा) : फक्त भारतात आढळणारे, सुमारे २३ सेंमी. लांबीचे, दिवसा शिकार करणारे छोटे घुबड. शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी; काही अभ्यासक हेटेरोग्लॉक्स ही वेगळी प्रजाती मानतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे.

नमुने व पुनर्शोध : पहिला नमुना ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधून मिळवला, ह्यूम यांनी १८७३ मध्ये जातीचे वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन यांचे नमुने खानदेशातले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाही. मायनर्ट्झहागेन यांनी गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये पक्षी मिळाल्याचे लिहिले होते. तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा पेंढा भरलेला, असे रासमुसेन व कॉलर यांनी दाखवून दिले. नमुन्यांवरील जुन्या चिठ्ठ्यांची अशी छाननी झाली, म्हणूनच खऱ्या स्थळांकडे लक्ष वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, किंग व अॅबट यांना शहाद्याजवळ पक्षी दिसला. तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबारमध्ये आहे. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा व मध्य प्रदेशातूनही नोंदी झाल्या.

धोके : हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही. सुतार पक्ष्यांनी सोडलेल्या किंवा नैसर्गिक ढोलींतच अंडी घालतो, म्हणून जुनी, जाड झाडे तुटली की घरटेच संपते. नव्या रोपवनाने ही उणीव कित्येक दशके भरून निघत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची सागाची विरळ राने लाकूडतोडीने व शेतीच्या विस्ताराने तुटक झाली आहेत. वनजमिनीवरील हक्कांचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही. विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे. त्याच्या उत्तरार्धात वणवे लागतात. गवत-पाचोळ्याबरोबर सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे भक्ष्यही जळते. शेतातील कीटकनाशके व उंदीरनाशके भक्ष्यावाटे पोटात जाण्याची शक्यता आहे. अंधश्रद्धेपोटी घुबडे मारली जातात, हे सर्वांत संतापजनक.

संरक्षण : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ : अनुसूची १. आययूसीएनच्या यादीत २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' ऐवजी 'संकटग्रस्त' हा दर्जा मिळाला. तो नव्या ठिकाणच्या नोंदींमुळे. त्यावरून सातपुड्यातील धोका ओसरला असे समजू नये. प्रौढ पक्षी हजारापेक्षा कमी असल्याचा अंदाज आहे.

खानदेशातील अभयारण्ये

यावल अभयारण्य (जळगाव जिल्हा) : स्थापना १९६९, सुमारे १७५ चौ. किमी.

अनेर अभयारण्य (धुळे जिल्हा) : स्थापना १९८६.