शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख नेमकं काय करतो?

अग्निशमन दल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो लाल बंब, घंटा आणि पाण्याचा फवारा. पण आजच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम आग लागायच्या आधीचं असतं. सौंदडसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं, कारण आपली माणसं उपचाराला, लग्नाला, मुक्कामाला भंडारा, गोंदिया, नागपूरला जातात. तिथल्या इमारती कोणी तपासल्या, यावर आपलाही जीव अवलंबून असतो.

दोन घटना आपल्याच भागातल्या आहेत. 21 डिसेंबर 2016 च्या पहाटे गोंदिया शहरात एका हॉटेलला आग लागली आणि सात जणांचा जीव गेला. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. तिथे सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली, आणि त्यांतली बरीचशी भाजून नव्हे तर धुराने गुदमरून. अशा आगीत बंब दारात येईपर्यंत बहुतेक काही ठरून गेलेलं असतं.

म्हणूनच महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आला. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. कायद्याची जबाबदारी सरळ मालकावर किंवा इमारत वापरणाऱ्यावर आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून घ्यायची आणि ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला ‘नमुना ब’ म्हणतात, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. इमारत तपासणं, नोटीस देणं आणि धोका फारच असेल तर ती रिकामी करून सील करणं, हे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याकडे आहेत. आमच्या मते प्रमुखाची खरी परीक्षा इथेच होते. आगीत शिरायला हिंमत लागतेच; पण वजनदार माणसाच्या हॉटेलला नोटीस देऊन ती मागे न घ्यायला वेगळी हिंमत लागते, आणि तिचा फोटो पेपरात येत नाही.

प्रत्यक्ष आगीच्या जागी प्रमुखाचं काम हुकूम देण्याचं आणि हिशेब ठेवण्याचं. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली, हे बाहेर फळ्यावर लिहिलेलं असतं. जोराचं काम करताना हा सिलिंडर साधारण अर्धा तास पुरतो, आणि हवा कमी झाली की शिट्टी वाजते. शिवाय पाणी कुठून येतंय, विजेची लाईन बंद झाली का, गर्दी मागे सरली का, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

तरी अधिकारी स्वतः आत जातात. 9 मे 2015 ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि इमारतीचा भाग कोसळला. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चौघा अधिकाऱ्यांचा त्यात जीव गेला. या दलाने त्याआधीही असा आघात सोसला होता. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटांत 66 जवान गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच आठवणीत.

आता सौंदडचं बघू. गाव हायवेवर आहे, साकोली आणि सडक अर्जुनी दोन्ही जवळ, पण गोंदिया शहराहून बंब निघाला तर तासभर सहज जातो. शहराचा प्रमुख मिनिटं मोजतो. आपल्याला तेवढा वेळ स्वतःच काढावा लागतो. उन्हाळ्यात तणसीचा ढीग घराला आणि गोठ्याला चिकटून नको. मांडवात स्वयंपाकाचे सिलिंडर बायका-मुलं बसतात त्या बाजूला नकोत, आणि हॉलचं मागचं दार खुर्च्या रचून बंद करू नये. फोन 101 किंवा 112 वर करा. आधी गावाचं नाव आणि हायवेवरून वळायची खूण सांगा, मग काय जळतंय ते.

ज्या घरात दहावी-बारावीची मुलं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे, 1956 साली स्थापन झालेलं. अनेक शहरांच्या दलांचे अधिकारी तिथूनच शिकून बाहेर पडले. मुलींनाही दार बंद नाही. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 मध्ये तिथे प्रवेश घेतला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक ठरल्या. पदवीसाठी विज्ञान शाखा लागते, म्हणून अकरावीचा फॉर्म भरतानाच याचा विचार करावा.