खिशातील सुरी आणि तिचे म्यान

शस्त्रांचा इतिहास लिहिणारांनी पात्याची जेवढी चिकित्सा केली आहे, तिचा दहावा हिस्साही म्यानाच्या वाट्यास आलेला नाही. पाते कोठे घडले, कोणाच्या हाती होते, कोणाच्या बरगडीत शिरले, हे आपण आवडीने वाचतो. परंतु त्या एका क्षणाखेरीज उरलेले सारे आयुष्य ते ज्या घरात निजून होते त्या घराची चौकशी कोणी करीत नाही. तलवारीच्या म्यानाचे, त्यावरील मखमल व चांदी पाहून, निदान कौतुक तरी होते. वीतभर पात्याच्या, अंगाशी बाळगायच्या सुरीचे म्यान मात्र अगदीच उपेक्षित राहिले. आणि नवल असे की, म्यानाची खरी गरज तलवारीपेक्षा या लहान सुरीलाच अधिक असते. तलवार बाहेर लोंबते. तिचे म्यान निसटले तर ते डोळ्यांना दिसते. सुरी अंगाला चिकटून, वस्त्राच्या आड असते. तिचे म्यान निसटले तर ते प्रथम मालकाच्या मांडीलाच कळते.

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर जे मिहान उभे राहिले आहे, त्याचे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे बनलेले आहे हे नागपूरकरांस सांगावयास नको. तथापि मराठी कानाला त्यात 'म्यान' ऐकू आल्यावाचून राहत नाही. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शिवारांवर आज विमानतळाचे व कारखान्यांचे राज्य आहे. पण याच मार्गाने आणखी दक्षिणेस, बुटीबोरीच्या बाजूला गेले की टाकळघाट लागते, आणि तेथे आमच्या विषयाचा सर्वांत जुना पुरावा, किंवा पुराव्याचा अभाव म्हणा, मातीखाली होता. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. त्यानंतर काही वर्षांतच शहराच्या वायव्येस माहुरझरी येथील शिळावर्तुळे त्यांनी उघडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्या आणि आपल्या मृतांस दगडांच्या वर्तुळात पुरणाऱ्या त्या लोकांनी मृतांसोबत घोडे पुरले, तांब्याचे अलंकार पुरले, आणि लोखंडी हत्यारे पुरली. माहुरझरीस तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीर सापडले.

लोखंडाला तांब्याची मूठ बसविणारा मनुष्य ते पाते उघडे कमरेला खोचून घोड्यावर बसत असेल, हे आम्हांस संभवनीय वाटत नाही. म्यान असलेच पाहिजे. चामड्याचे असेल, लाकडाचे असेल, कदाचित बांबूचेही असेल. पण चामडे, लाकूड व बांबू यांना माती क्षमा करीत नाही. लोखंड गंजते, तरी काही शिल्लक ठेवते. किंबहुना त्या गंजातच कधी कधी भोवतालच्या लाकडाचा वा कातड्याचा ठसा उमटून राहतो, आणि तज्ज्ञाचे भिंग त्यावरून फिरले तर नाहीशा झालेल्या म्यानाची ओळख पटते. एरव्ही संग्रहालयाच्या कपाटात जे दिसते ते नागडे पाते. ते पाहून प्राचीन माणूस सदा हत्यार उपसून उभा होता असा आपला समज होतो. हा समज मातीने करून दिलेला आहे.

शब्दाकडे वळलो तर थोडा अधिक प्रकाश मिळतो. फारसीत 'मियान' म्हणजे मध्य, आणि शरीराचा मध्य म्हणून कंबर. आपला 'दरम्यान' त्यातूनच आला. फारसीतच म्यानाला 'नियाम' असाही शब्द आहे, आणि त्यातील अक्षरांची उलटापालट होऊन आपला शब्द बनला, असे काही कोशकारांचे मत आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी ठरो. म्यान आणि कंबर यांची गाठ व्यवहारात पक्कीच होती. संस्कृत 'कोश' शब्दात खजिना आहे, रेशमाच्या किड्याचे घर आहे, शब्दांचा संग्रह आहे. त्यात कंबर नाही. मराठ्यांनी कोश सोडून म्यान घेतले ते केवळ दरबारी फॅशन म्हणून घेतले असेल. पण शब्द मात्र वस्तूला चपखल बसला.

कारण जुन्या मराठी पोशाखाला खिसा नव्हता. पैसे कनवटीला किंवा कशात, पानसुपारी चंचीत, आणि हत्यार कमरेच्या शेल्यात. शेल्याचे चारपाच वेढे पोटाभोवती घट्ट बसत आणि त्यांच्या दाबाखाली म्यान आपोआप जखडले जाई. म्हणून त्या काळच्या कट्यारीच्या म्यानाला पाते घट्ट धरून ठेवण्याची फारशी यातायात करावी लागत नसे. पोकळ कोरलेल्या दोन लाकडी फळ्या एकमेकींवर चिकटवाव्या, वरून चामडे किंवा मखमल चढवावी, तोंडाला धातूची मोहनाळ आणि टोकाला तहनाळ बसवावी, की काम झाले. पाते लोहाराने घडवावे, शिकलगाराने पाजळावे, आणि कातड्याचे काम जिनगराने करावे, अशी वाटणी होती. धरून ठेवण्याचे उरलेले काम कापड करी.

कापडाचे हे काम ध्यानी घेतले म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यातील एक बारकावा उलगडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने अफझलखानाच्या जमदाडीचे वर्णन करताना तिचे म्यान टाकल्याचा उल्लेख केला आहे. तो त्याला 'मेण' म्हणतो. महाराजांच्या बिचव्याच्या बाबतीत असा उल्लेख नाही. बिचवा हा दुहेरी बाकाच्या पात्याचा, विंचवाच्या नांगीसारखा. ज्याने वाकड्या पात्याचे म्यान कधी करून पाहिले आहे त्यास ही अडचण माहीत असते: पाते ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर यावयाचे, म्हणून म्यानाचे तोंड बाकाच्या रुंदीएवढे ठेवावे लागते, आणि तसे ठेवले की आत पाते खुळखुळते. कोकणात माडावर चढणारे लोक कोयतीला म्यान न करता कमरेच्या मागे बांधलेल्या लाकडी आकड्यात ती अडकवितात, ती याच अडचणीतून काढलेली वाट होय. बिचव्याला अस्तनी हेच म्यान पुरले. खानाला उपसण्याआधी एक कृती करावी लागली. महाराजांना ती करावी लागली नाही. एवढ्यावरूनच त्या भेटीचा निकाल लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चिलखत होते, सावधगिरी होती, आणि पुष्कळ दिवसांची तयारी होती. परंतु म्यान टाकण्यास लागणारा वेळ बखरकारास नोंदण्यासारखा वाटला, हे विसरता येत नाही.

याच प्रसंगाशी जोडलेली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्यास आणि २०२५ साली नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, प्रदर्शनासाठी आणली गेली. ही तीच वाघनखे आहेत की नाहीत याविषयी बराच वाद झाला. आम्हांस त्या वादात एक गंमत दिसते. नखांवर स्वतः काहीच लिहिलेले नाही. ती शिवाजी महाराजांची असल्याचा दावा कोरलेला आहे तो त्यांच्या पेटीवर. आणि ती पेटी स्कॉटलंडात बनलेली आहे. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफला ती पेशव्याच्या प्रधानाकडून मिळाली, असे त्या लेखात म्हटले आहे; संग्रहालय स्वतः त्याची खातरजमा करता येत नाही असेच सांगते. म्हणजे शस्त्र मुके, आणि बोलते ते त्याचे वेष्टन. माहुरझरीस पाते उरले आणि म्यान गेले. येथे वेष्टनाने पात्याला चरित्र बहाल केले.

खिसा आला तेव्हा मात्र सगळेच गणित बदलले. 'खिसा' हाही फारसी 'कीसा', म्हणजे थैली. आणि थैली कोणाला धरून ठेवीत नाही. शेल्याच्या वेढ्यांत उभी राहणारी सुरी खिशात आडवी होते, उलटी होते, माणूस बसला की तिचे टोक वर येते. म्यान जर सैल असेल तर ते खिशाच्या तळाशी राहून पाते मोकळे होते. आणि फारच घट्ट असेल तर सुरी काढताना म्यानही तिच्याबरोबर हातात येते व दुसऱ्या हाताची गरज पडते. या दुहेरी संकटावर बहुतेक जगाने एकच तोड काढली: घडीचा चाकू. मूठ हेच म्यान करून टाकले. आमच्याकडे अडकित्त्याने हे तत्त्व केव्हाच सिद्ध केले होते. पाते मिटले की तो चंचीत निर्धास्त पडून राहतो. घडीच्या चाकूचा विजय एवढा पूर्ण झाला की खिशात सरळ पात्याची सुरी बाळगणारा मनुष्य आज संशयास पात्र ठरतो.

कायद्याची दृष्टीही याला कारण आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती वगळलेली आहेत. लहान सुरीला तेवढ्यापुरते भय नाही. परंतु १९५१च्या पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखाली मनाईहुकूम असला की सुऱ्याही त्यात येतात, हे ध्यानात ठेवावे. विमानाच्या प्रवासी कक्षात तर पाते मुळीच चालत नाही. त्याला एकच ठळक अपवाद आहे आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठा बोधक आहे. शीख बांधवांचे कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग होय, असे आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाचे स्पष्टीकरण सांगते. आणि सहा इंचांपर्यंत पात्याचे व एकूण नऊ इंचांपर्यंत लांबीचे कृपाण देशांतर्गत विमानप्रवासात अंगावर बाळगता येते. ज्या गुरु गोविंदसिंहांनी ही दीक्षा दिली त्यांचे देहावसान १७०८ साली आपल्याच नांदेडास झाले. कृपाण खिशात ठेवीत नाहीत. खांद्यावरून घेतलेल्या गात्र्यात, म्यानात, वस्त्राआड ते वागवितात. उपसण्यासाठी नव्हे, तर म्यानात राहण्यासाठीच बाळगलेले लहान पाते असे त्याचे वर्णन केले तर चूक होणार नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या 'कट्यार काळजात घुसली'मधील ती मानाची कट्यारही अशाच जातीची, हे जाता जाता आठवते.

मग खिशात सरळ पात्याची लहान सुरी खरोखर कोणाला लागते? आमच्या भागात याचे उत्तर संत्र्याच्या रोपवाटिकेत मिळते. काटोल, वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या पट्ट्यात संत्र्याचे रोप बियांपासून वाढवीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर द्यावयाची, मातृवृक्षाच्या काडीवरून ढालीच्या आकाराच्या सालीसह डोळा काढावयाचा, तो चिरेत सरकवून पट्टीने बांधावयाचा. दोन-अडीच इंचांचे पाते त्यास पुरते. दिवसभर वाकून चालणारे हे काम; सुरी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना खिशात जाते आणि पुन्हा निघते.

येथे घडीचा चाकू सोयीचा खरा, पण त्याच्या सांध्यात झाडाचा रस व माती साचते, आणि ती सहजासहजी निघत नाही. लिंबूवर्गीय झाडांना एक्झोकॉर्टिस नावाचा जो रोग होतो त्याचे कारण व्हायरॉइड नावाचा अतिसूक्ष्म घटक आहे, आणि तो पात्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. साधी ज्योत किंवा स्पिरिट त्याला पुरेसे होत नाही. धुण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणात पाते बुडवावे लागते, आणि ते द्रावण पोलादाला खात असल्यामुळे नंतर पाण्याने धुऊन कोरडे करावे लागते. एवढे करून पाते पुन्हा त्याच जुन्या, रस शोषलेल्या चामड्यात घातले, तर केलेले श्रम बरेचसे फुकट जातात. म्यानाची निवड येथे हौसेची बाब राहत नाही. एका मातृवृक्षापासून हजारो रोपे निघतात, आणि बागाईतदार ती विकत घेऊन पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या फळावर विसंबून राहतो.

चामड्याविषयी आम्हांस ममत्व आहे, हे लपविण्याचे कारण नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे ओले करून सुरीभोवती बसवावे, सुरीला आधी मेणकापड गुंडाळावे, आणि सावलीत वाळू द्यावे. वाळल्यावर ते मुठीचा आकार असा घेते की बंद, बटण काही लागत नाही. फिनलंडातील लोकांची पुक्को नावाची सुरी याच तत्त्वावर निम्म्या मुठीपर्यंत म्यानात बुडलेली असते आणि केवळ घर्षणाने टिकते. खिशासाठी याहून चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही. मात्र धारेच्या बाजूने दोन कातड्यांच्या मध्ये तिसरी पट्टी शिवलीच पाहिजे, नाही तर धार टाके कापते. पितळी रिवेटा कातड्याच्या संगतीने हिरव्या पडतात, आणि कमावण्याच्या द्रव्यांतील आम्ल ओलाव्यात पात्याला गंज चढविते. विदर्भाच्या पावसाळ्यात चामड्यात ठेवून दिलेली सुरी आश्विनात काढली की हे प्रत्ययास येते.

म्हणून कलमाच्या सुरीला, ममत्व बाजूस ठेवून, आम्ही कायडेक्ससारख्या प्लास्टिकचे साचेबंद म्यान सुचवू. हे द्रव्य १९६०च्या दशकात विमानांच्या अंतर्भागासाठी निघाले. तापवून पात्यावर दाबले की ते मुठीच्या गळ्याशी खट्कन पकडते. ते पाणी पीत नाही, द्रावणात बुडविता येते. दोष एवढाच की आत धुळीचा कण शिरला तर तो पात्यावर रेघ ओढीत राहतो. यासाठी तळाला भोक ठेवावे, म्हणजे पाणी व माती दोन्ही निघून जातात. तोंडाशी अंगठा टेकण्यापुरता उंचवटा असावा. अंगठ्याने म्यान खाली रेटले की सुरी निघते आणि म्यान खिशातच राहते. म्यानाला आखूड दोरी बांधून ती पट्ट्याला अडकवावी. नवे म्यान खिशात घालण्यापूर्वी सुरीसह उलटे धरून जोराने हलवून पाहावे. पाते सुटले तर म्यान पुन्हा तापवावयास द्यावे. संध्याकाळी काम संपले की सुरी बाहेर, म्यान धुऊन तोंड खाली करून खुंटीला, आणि दोघे सकाळी कोरडे झाल्यावरच एकत्र.