१९२७ : मुंबईतील दोन आरंभ

१/ अल्पवयीन मुलाच्या हातून लैंगिक गुन्हा घडला, तर शासन कोणते? आणि तो घडूच नये म्हणून काय करावे? दोन्ही प्रश्नांचे धागे मुंबईत १९२७ या एकाच वर्षाशी येऊन मिळतात.

२/ १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने गुन्हेगार मुलांना प्रौढांहून वेगळे मानले. १९२७ मध्ये त्यांच्या सांभाळासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तत्त्व एवढेच : मूल अजून घडत असते, म्हणून ते सुधारू शकते.

३/ त्याच वर्षीच्या जुलैत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. लैंगिक अज्ञान दूर करणे हे त्यांचे व्रत. वाट्याला आले अश्लीलतेचे खटले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

४/ पहिला धागा कायद्यात टिकला. मात्र २०१५ च्या कायद्याने, घोर गुन्ह्यात १६ ते १८ वर्षांच्या मुलाची समज तपासून, त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

५/ दुसरा धागा तुटकच राहिला. २००७ मध्ये महाराष्ट्राने शालेय लैंगिक शिक्षणाला नकार दिला.

६/ किशोरवयात आवेग आधी येतो, विवेक मागाहून. संमतीचा अर्थ त्याआधीच शिकवला, तर एखादे मूल बळी होण्यापासून वाचेल आणि दुसरे गुन्हेगार होण्यापासून.